थिसलबेक, मुक्काम पोस्ट विलायत

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे लिहिले तर कोणी माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करायला नको. हेवा सकाळी साडेदहाला कचेरीच्या हजेरीपटावर सही करताना सुरू व्हायचा आणि संध्याकाळी सायकल काढेपर्यंत टिकायचा. रविवारी घरी बसूनही थोडा व्हायचा.

बरं, हेवा करावा असं त्यांच्याकडे होतं काय? मी इतिहास घेऊन एम.ए. झालेला, तोही दुसऱ्या वर्गात. ते मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि घरात अजून मोडी कागदांची एक पेटी आहे. ते उमरेडकडच्या एका खेड्यातले, घरची कोरडवाहू शेती, पेरणीला आणि सवंगणीला रजेचा अर्ज ठरलेला. आमची कचेरी जमिनीच्या नकाशांची. तिथे मी आवक-जावकच्या टेबलावर होतो आणि ते ट्रेसर होते. जुने, घडीवर फाटायला आलेले गावनकाशे ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. सगळी कचेरी त्यांना भाऊ म्हणायची. मला ते एम.ए. साहेब म्हणायचे. त्यात चेष्टा नसायची, आणि नेमकं तेच मला खुपायचं.

भाऊंची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कचेरीत कोणीही नवा माणूस आला, मग तो सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी असो, बदलून आलेला साहेब असो की पंखा दुरुस्त करणारा असो, भाऊ मान वर करून विचारायचे, "आडनाव काय जी? गाव कोणतं?" उत्तर मिळालं की मग सांगायचे की या आडनावाची चार घरं भिवापुरात आहेत, दोन पवनीला आहेत, आणि पवनीवाले मूळचे भिवापूरचेच. समोरचा चकित होऊन तिथेच बसायचा. गाव न विचारता माणसाबरोबर चहा पिणं त्यांना जमायचं नाही. त्यांच्या घरची शिस्तच तशी होती. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं, मग जेवायला वाढायचं. जेवू घातलं आणि गाव विचारलं नाही, तर त्या घराची शोभा होते असं त्यांची आई म्हणायची.

याच शिस्तीतून ते थिसलबेक प्रकरण उभं राहिलं.

झालं असं की एकदा त्यांच्याच गावचा नकाशा उतरवायला त्यांच्या टेबलावर आला. इंग्रजांनी जमिनी मोजून सारा ठरवला त्या बंदोबस्ताच्या वेळचा, शंभरेक वर्षांपूर्वीचा. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणी करणाऱ्या गोऱ्या अंमलदाराची सही होती, थिसलबेक म्हणून. सहीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात, दोन ओळी इंग्रजीत लिहिलेल्या होत्या. भाऊंनी भिंग लावून त्या वाचल्या, खात्री होईना म्हणून माझ्याकडून वाचून घेतल्या. मजकूर असा होता की नाल्यावरच्या आंब्याखाली गावकऱ्यांनी आज जेवू घातलं, ज्वारीची भाकरी आणि वांगं, पोट भरलं.

सरकारी नकाशावर असं कोणी लिहीत नाही. मी हसलो आणि नकाशा परत दिला. भाऊ हसले नाहीत. दुपारभर ते त्या कोपऱ्याकडे बघत बसले, आणि संध्याकाळी सायकल स्टँडवर मला म्हणाले, "एम.ए. साहेब, हा माणूस आमच्या गावात जेवून गेला. पण त्याले कोणी गाव विचारलं नाही."

"भाऊ, तो इंग्रज होता. गाव विचारून काय करणार होते?"

"काहून जी? इंग्रजाले गाव नसते का? विचारायचं राहून गेलं बाप्पा. आता विचारतो."

मला वाटलं चार दिवसांत विसरतील. सत्तर सालाच्या थोडं अलीकडची-पलीकडची ही गोष्ट, आणि पुढची सात-आठ वर्षं भाऊ फक्त तेच विचारत होते.

त्यांना इंग्रजी येत होतं ते आमच्या कचेरीतलं. म्हणजे खालच्या कचेऱ्यांकडून माहिती मागवायची, मुदत द्यायची, मुदतीत आली नाही तर स्मरणपत्र काढायचं, तेवढं. त्यांनी तेच इंग्रजी विलायतेला लावलं. एक जुना शालेय नकाशासंग्रह मिळवला, त्यातली इंग्लंडातली गावं निवडली आणि प्रत्येक गावच्या पोस्टमास्तरला पत्र काढलं. वर जावक क्रमांक, खाली विषय: थिसलबेक आडनावाच्या इसमांबाबत. मजकूर असा की सदरहू आडनावाची घरं आपल्या हद्दीत किती, कधीपासून आहेत, मूळची कुठली, याची माहिती उलट टपाली पाठवावी. माहिती निरंक असल्यास तसं कळवावं. पत्त्यात ते तालुका लिहायचे. इंग्लंडात तालुके नाहीत असं मी सांगितलं तर म्हणाले, "असतीन कुठंतरी. नाही तर वसुली कशी करत असतीन?" दीड महिन्यात उत्तर नाही आलं की स्मरणपत्र. त्यानंतर दुसरं स्मरणपत्र, त्यात 'या कार्यालयाच्या यापूर्वीच्या पत्राकडे आपलं लक्ष वेधण्यात येत आहे' हे वाक्य. सरकारी शिक्का मात्र त्यांनी कधी वापरला नाही. कागद, शाई, निळी एअरलेटरं, सगळं पदरचं. पत्ता तेवढा कचेरीचा द्यायचे, कारण धरमपेठेत ते कोणाच्या तरी बंगल्यामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे आणि तिथलं टपाल मालक आपल्या टपालात मिसळून टाकायचा.

आता सगळी आवक माझ्या टेबलावरून जायची. पहिलं उत्तर आलं ते मीच फोडलेल्या टपालाच्या थैलीतून निघालं. वर राणीचं तिकीट. ते पाकीट मी हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे, चपराशी दोनदा माझ्याकडे बघून गेला.

एका पोस्टमास्तरने लिहिलं होतं की त्याच्या हद्दीत माहिती निरंक आहे. भाऊ खूश. "पाहा, इसम कामाचा आहे," म्हणाले. त्यांनी ट्रेसिंग क्लॉथवर इंग्लंडचा एक भलामोठा नकाशा उतरवला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की तो टेबलावर पसरायचा, चारी कोपऱ्यांना रूळ आणि दौती ठेवायच्या, आणि जिथे थिसलबेकांचं घर सापडलं तिथे एक चिंचोका मांडायचा. निरंक उत्तराला काही नाही. पहिला चिंचोका पडायला वर्ष लागलं. मग यॉर्कशायरच्या एका खोऱ्यात तीन पडले, शेजारच्या खोऱ्यात दोन, आणि डोंगराच्या पलीकडे, लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावात चार. बाकी सगळं इंग्लंड कोरं. कचेरीतली मंडळी उभ्यानेच विडी ओढत त्या चिंचोक्यांकडे बघायची. साहेबसुद्धा एकदा आले. मद्रासकडचे होते. बघत बघत म्हणाले की आमच्याकडे आडनावं नसतात, गावाचं नाव आधी लावतात. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि तासभर सोडलं नाही.

एका खेड्यातल्या चर्चच्या पाद्र्याने लांबलचक उत्तर पाठवलं. थिसल म्हणजे तिकडचं एक काटेरी झुडूप, जांभळ्या फुलांचं. बेक म्हणजे ओढा. त्या नावाची एक वाडी ओढ्याकाठी होती, आता तिथे एकच घर उरलं आहे, बाकी जमिनीवर मेंढ्या चरतात. त्या वाडीतून जे बाहेर पडले ते थिसलबेक. पडलेच थोडे, म्हणून आडनाव थोडं. पाद्र्याने पत्रात झुडपाचं वाळलेलं फूल घातलं होतं. भाऊंनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "उंटकटारा. आमच्या नाल्यावर हाच आहे जी. उंटकटाऱ्याच्या नाल्याचा माणूस आमच्या नाल्यावर जेवून गेला."

मग त्यांनी सगळं लावून दाखवलं. ओढ्याच्या वरच्या अंगाचे मेंढ्यांमागे राहिले. खालच्या अंगाचे पोट भरायला डोंगर उतरून गिरण्यांत गेले, सूत काढायला. "आणि कापूस कुठचा? आपला. हिंगणघाटचा." एकजण मोजणीचं काम शिकला आणि कापूस जिथून यायचा तिथेच येऊन पोचला. हे सगळं चिंचोक्यांवरून बोट फिरवत सांगितलं. मी इतिहासाचा माणूस. त्यात मला एक चूक काढता आली नाही, आणि मी ती काढायचा फार प्रयत्न केला.

माझं दुखणं असं होतं की आडनावांचं काम मीही करत होतो. भाऊंच्या आधीपासून. भोसल्यांच्या दरबारातल्या हुद्द्यांवरून नागपुरात कोणती आडनावं पडली, कोणती घराणी कुठे गेली, याचं मला पुस्तक लिहायचं होतं. त्यासाठी मी काटोलला, आर्वीला, भंडाऱ्याला पत्रं पाठवायचो, जोडकार्डावर, म्हणजे उत्तराचं कार्ड फुकट. चांगल्या मराठीत, आदरपूर्वक. काटोलहून उत्तर यायचं नाही. भाऊंना यॉर्कशायरहून यायचं. एकदा भंडाऱ्याच्या एका गृहस्थांनी माझ्या उत्तराच्या कार्डावर स्वतःच्या जावयाला खुशाली कळवली आणि ते कार्ड तसंच माझ्याकडे येऊन पडलं. दोन लेख मी वर्तमानपत्राकडे पाठवले. एक छापला. त्याबद्दल मला कोणी, अगदी कोणीही, अवाक्षर बोललं नाही. दुसरा जागेअभावी साभार परत.

भाऊ एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. मी बोलावलं नव्हतं, आमच्या मंडळींनी बोलावलं. तिला मीच घरी थिसलबेकच्या गोष्टी चिडून सांगायचो आणि तिला त्या आवडायच्या. भाऊंनी आल्या आल्या तिला माहेरचं आडनाव विचारलं आणि तिच्या पणजोबांचं गाव सांगितलं, जे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. माझी मुलगी तिकिटं जमवायची. तिला त्यांनी राणीची पाच तिकिटं दिली. ते गेल्यावर बायको म्हणाली, "किती छंद असतो नाही एकेकाला. आणि केवढी उत्तरं येतात त्यांना."

"मलाही येतील," मी म्हणालो.

"येतील की," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता ती गोष्ट.

पाद्र्याने दुसऱ्या पत्रात भाऊंना कळवलं होतं की त्या मोजणी करणाऱ्याच्या घराण्यातली एक वृद्ध बाई अजून हयात आहे, अविवाहित, एकटी राहते. तिचा पत्ताही दिला होता. भाऊंनी तिला पत्र लिहिलं. आयुष्यातलं एकच पत्र ज्यावर त्यांनी जावक क्रमांक टाकला नाही. चार दिवस ते लिहीत होते. मला दाखवलं. त्यात मुदत नव्हती, निरंक नव्हतं. एवढंच होतं की तुमच्या घरचा माणूस आमच्या गावात जेवून गेला, त्याचं गाव विचारायचं राहून गेलं होतं, ते आता कळलं. त्याच्याबद्दल आणखी काही सांगता आलं तर बरं वाटेल.

ते पत्र गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी, एका रविवारी, आमच्या वर्तमानपत्राने भाऊंवर मोठा लेख छापला. फोटोसकट. चिंचोके, ट्रेसिंग क्लॉथ, सगळं. 'नागपूरच्या ट्रेसरचा विलायती शोध' असा मथळा. माझा लेख जागेअभावी परत करणारं वर्तमानपत्र तेच. त्या लेखात एक वाक्य माझ्यावर होतं, भाऊंनीच सांगितलेलं असणार, की त्यांचं टपाल कचेरीतले आवक कारकून फार काळजीने पोचवतात.

सोमवारी थैलीत त्या बाईचं पत्र निघालं. फिकट, कापऱ्या अक्षरातला पत्ता, मागे तिचं नाव. मी शिक्का उचलला आणि ठेवला. रजिस्टरात नोंद केली नाही. पत्र माझ्या खणात, कोऱ्या फॉर्मांच्या खाली सरकवलं. मनाशी म्हणालो, आज त्यांचं कौतुक पुष्कळ झालंय, हे उद्या देऊ.

उद्या दिलं नाही. मंगळवारी दिलं असतं तर सोमवारी का नाही हे सांगावं लागलं असतं, अशी काहीतरी समजूत मी घालून घेतली. पुढच्या आठवड्यात तर ती आणखी पक्की झाली. दोन महिन्यांनी, कचेरीत कोणी नसताना, मी ते फोडलं. तिने लिहिलं होतं की मोजणी करणारा तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. त्याच्या त्या दिवसांतल्या तीन वह्या तिच्यापाशी आहेत, पेन्सिलीने लिहिलेल्या, गावांची नावं आहेत, माणसांची आहेत. ती वसंतात घर सोडून वृद्धांच्या आश्रमात जाणार आहे आणि वह्या घ्यायला घरचं कोणी नाही. तुम्हाला हव्या असतील तर कळवा, मी पार्सल करीन. तुमचं उत्तर आल्याशिवाय इतक्या लांब पाठवायला धीर होत नाही.

वसंत त्या वेळी तिकडे संपत आला असणार.

भाऊ रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचे. "एम.ए. साहेब, आलं का काही?"

"नाही, भाऊ."

"येईन."

एवढंच. मी वाट बघत होतो की ते स्मरणपत्र काढतील. त्यांनी अख्ख्या इंग्लंडला स्मरणपत्रं काढली होती. हिला काढलं की ती पुन्हा लिहील, सगळं आपोआप सुरळीत होईल, आणि पहिलं पत्र टपालात गहाळ झालं असं सगळेच समजतील. शेवटी मीच सुचवलं, "भाऊ, त्या बाईंना एक स्मरणपत्र टाका ना."

ते एकदम गंभीर झाले. "छे जी. म्हातारी बाई आहे. तिले काय मुदत देता? तिच्या मनात येईन तवा लिहीन. अन् नसन लिहायचं तर नाही लिहीन. कोणाच्या दारी दोनदा हात पसरू नये."

आणि ते थांबले. एक वर्ष रोज विचारलं. मग आठवड्यातून एकदा. मग विचारणं बंद झालं, आणि त्याबरोबर बाकीची पत्रंही. जेवणाच्या सुट्टीत नकाशा निघेना. कोणी विचारलं तर म्हणायचे, "झालं बाप्पा. गाव समजलं ना, मग झालं." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझं पुस्तक तसंच अडलेलं होतं.

ते माझ्याआधी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ दिलं, मी भाषण केलं, चांगलं झालं. खाली जिन्यात ते मला म्हणाले, "आलं तर पत्ता आहे तुमच्यापाशी. पोराकडे राहीन, खापरखेड्याले." मुलगा तिथल्या वीज केंद्रात लागला होता. मी मान हलवली.

पाच वर्षं गेली. मीही निवृत्त झालो. ते पत्र खणातून घरच्या पेटीत आलं, मोडी कागदांच्या खाली. दरम्यान माझा एक लेख एका छोट्या मासिकात छापून आला, चिटणीस-फडणीस वगैरे आडनावांवर. आणि दोन आठवड्यांनी मला कार्ड आलं. माझ्या लिखाणाबद्दल आयुष्यात आलेलं पहिलं पत्र. अक्षर कोणा मुलीचं होतं, मजकूर भाऊंचा. डोळ्यांना आता दिसत नाही, सुनेने लेख वाचून दाखवला, फार आवडला. त्यातल्या एका घराण्याची शाखा उमरेडला नाही, कुहीला आहे, त्यांच्याकडे जुने कागद आहेत, माझं नाव सांगितलंत तर दाखवतील. आपल्या पुस्तकाची वाट पाहत आहे.

कुहीबद्दलचं म्हणणं बरोबर निघेल हे मला वाचतानाच कळलं. कार्ड हातात धरून मी अंगणात उभा होतो, आणि काय सांगू, आधी रागच आला. मग खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने खापरखेड्याला गेलो. कॉलनीतल्या तारांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर होता, सुना ते आत नेताना झटकत होत्या. भाऊ व्हरांड्यात खाटेवर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. मी आवाज दिला तर लगेच ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोने केलेल्या पुरणाची आठवण काढली. मी ते पुढे चालू दिलं नाही. पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "भाऊ, हे त्या बाईचं पत्र आहे. तेव्हाच आलं होतं. मी दिलं नाही."

त्यांनी पाकिटावरून बोटं फिरवली, फोडलेल्या कडेवर थांबले. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. मग म्हणाले, "वह्यांचं पुन्हा वाचा." ते पुन्हा वाचलं. चहा आला, निवला. मला वाटत होतं त्यांनी शिव्या द्याव्या. बस सुटायच्या आत दिल्या तर बरं, असंही वाटून गेलं.

"तुम्ही नाही म्हणायचे ना," ते म्हणाले, "तवा मी तुमच्या तोंडाकडे पाहत नव्हतो. टपालाच्या गठ्ठ्याकडे पाहत होतो. माझंच चुकलं जी. माणसाच्या तोंडाकडे पाहावं." मग सुनेला हाक मारली. "कागद आण वं. एम.ए. साहेब लिहून देतीन."

त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. आपलं पत्र पोचलं. वह्या अजून असतील तर अवश्य हव्या आहेत. मग ते थांबले आणि त्यांचं जुनं कचेरीतलं इंग्रजी आठवून आठवून स्वतःच बोलले: झालेल्या विलंबाबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे.

"भाऊ, कार्यालय नको. माझं नाव घाला."

"काहून? ती बाई काय करीन तुमच्या नावाचं? कार्यालयच लिहा." सही त्यांनी चाचपडत केली. पत्ता माझा टाकायला सांगितला, कारण उत्तर आलं तर वाचायला मीच लागणार होतो.

उत्तर अडीच महिन्यांनी आलं. पोस्टमन दुपारी आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. भाऊंच्या सहीचं वेटोळं कोणाला उलगडलं नसावं. पत्त्याच्या कोपऱ्यात मी माझं नाव स्पष्ट अक्षरात घातलं होतं, म्हणून पाकिटावरही तेच होतं. वाचलं, कोट घातला आणि तसाच एस.टी. स्टँडवर गेलो.

व्हरांड्यात बसून भाऊंना ते वाचून दाखवलं. त्यांना दिसत नव्हतं. दोन वाक्यं गाळली असती तर त्यांना कळलं नसतं, आणि बसमध्ये तासभर मी तोच विचार करत होतो. पण गाळली नाहीत. आमचं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरून आश्रमात पोचलं होतं आणि तिथल्या व्यवस्थापिकेने उत्तर लिहिलं होतं. मिस थिसलबेक चार वर्षांपूर्वी वारल्या. येताना त्यांनी तीन जुन्या वह्या आणल्या होत्या, दोरीने बांधून, वर 'नागपूर' अशी चिठ्ठी लावून. टपाल आलं की त्या विचारायच्या, हिंदुस्थानातून काही आहे का. शेवटपर्यंत विचारायच्या. त्या गेल्यावर खोली रिकामी करताना कागदपत्रं जाळली, त्यात वह्याही गेल्या. त्यांचं कोणी मागे नाही. त्या शाखेतल्या त्या शेवटच्या.

भाऊ ऐकत होते. मान खाली. "रोज विचारे?" एवढंच म्हणाले.

"हो."

"तुमच्यासारखाच कोणी असन तिथं टेबलावर. नाही म्हणणारा." मग म्हणाले, "पण तो खरं सांगत असन."

मी पाकीट त्यांच्या हातात द्यायला पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मला नीट आठवतं, कारण मी तो शोधत होतो.

"पत्र तुमच्या नावानं आलं जी," ते म्हणाले. "तुम्ही ठेवा."

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. माझं पुस्तक अजून पुरं झालेलं नाही. विलायतेहून माझ्या नावाने आलेलं ते एकच पत्र आहे, आणि ते मी अजून घरात कोणाला दाखवलेलं नाही.